पाळीवरचे बारा कोसम

कोसम आठ दिवस लाल असतो, फार तर दहा. पुढे त्याची पानं तांबूस होतात, मग हिरवी, आणि मग ते झाड इतर कुठल्याही झाडासारखं दिसायला लागतं. नागपूरला दोन वर्षं कॉलेजात काढूनही हे मला ठाऊक नव्हतं. तिथल्या विलायती पुस्तकांत पानं लाल होत आणि मग गळत. आमच्या गोंदियाकडच्या झाडीत उलटं आहे. माघात सगळी पानं गळून जातात आणि फाल्गुनात नवी येतात ती लाल होऊन येतात. हे मला सासूबाईंनी सांगितलं, आणि त्यांनीच मला त्या आठ दिवसांत अडकवून टाकलं.

त्यांचं नाव सुमित्राबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. दिवाळीनंतर त्या गाव सोडून आमच्याकडे आल्या. आमचं भाड्याचं घर फुलचूरच्या वाटेवर, माझे यजमान केवळराम गोंदियाच्या कचेरीत वकिली करतात, आणि आम्हाला पावणेदोन वर्षांची शकू. आत्याबाई आल्या त्या नातीसाठी, असं त्या सांगत. खरं म्हणजे त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतिया पिकला होता आणि डाव्यात पिकत होता. गावी त्या दोनदा विहिरीच्या काठावर अडखळल्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की उन्हाळा तापण्याआधी उजवा डोळा करून घ्या. पाडव्यानंतरचा पहिला सोमवार त्यांनी राखून ठेवला.

आत्याबाई काही केल्या हो म्हणेनात. यांनी समजावलं, मी समजावलं, शेजारच्या अनुसयाबाईंनी आपल्या मावसभावाचा डोळा कसा लख्ख झाला ते चारदा सांगितलं. शेवटी एका दुपारी तांदूळ चाचपून निवडता निवडता त्या म्हणाल्या, "डोरा कापाचा ना? मंग आधी मले पारीवरचा कोसम दाखव. तो पाह्यला का मी गाडीत बसतो."

'पार' म्हणजे आमच्या तलावाची पाळ. आजेसासऱ्यांनी नागझिऱ्याच्या डोंगराखाली तलाव बांधला, तेव्हा पाळीच्या वाटेतले कोसम तोडू दिले नाहीत. ते बारा कोसम अजून ओळीनं उभे होते. आत्याबाई बाराव्या वर्षी नवरी होऊन त्याच पाळीवरून आल्या, नेमक्या फाल्गुनात. बैलगाडीच्या छपराखालून समोर सगळं लाल दिसलं, आणि सासरला आग लागली म्हणून त्यांनी असा गळा काढला की गाडीवानानं बैल थांबवले. घरातली माणसं अजून त्यावरून त्यांना चिडवतात.

म्हणून मी यादी करायला बसले.

यांनी ती यादी वाचली. उकळलेल्या पाण्याच्या दोन सुरया, शकूचं दूध, ते नासलं तर दुधाची पूड, क्विनाईन, छत्री, मच्छरदाणी, सहा लंगोट, तिखट पुऱ्या, लोणचं, डॉक्टरांचं पत्र.

"अगं, एका दिवसाचं जाणं-येणं आहे," हे म्हणाले. "आपण काशीला चाललो नाही."

"कार्तिकातही आपण काशीला गेलो नव्हतो. ताप घरीच आला होता."

कार्तिकात शकूला हिवताप आला होता, अकरा दिवस. तेव्हापासून तिच्या कपाळाला हात लावल्याशिवाय मला दुसरं काम सुरूच करता येत नाही. भात उतरवायच्या आधी, वेणी घालायच्या आधी, कोणी दार वाजवलं तर ते उघडायच्या आधीसुद्धा.

"अना डागदरचं पत्र कायले?" अनुसयाबाईंनी माझ्या खांद्यावरून यादी पाहत विचारलं. "कोसमाचा बी डोरा काढतेस का व? पानं पाहाले मोटर करून राहिली म्हणे. आमच्या बैलांले ते पानं रोज दिसतेत, फुकट."

मोटर चुन्नीलाल शेठची. लाखेचे मोठे व्यापारी. यांनी त्यांचा एक दावा चालवला होता. युरोपात लढाई सुरू झाली होती, पण पेट्रोल अजून मिळत होतं. मी स्वतः जाऊन विचारलं, तेव्हा शेठ हसले. "कोसम देखने? कोसम तो लाख का पेड़ है, बाई. उसमें देखना क्या? ले जाओ गाडी, घनश्याम को भी ले जाओ."

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या वेळी माझं लक्ष मोटरच्या दाराकडे होतं. एका दाराची कडी नीट लागत नव्हती, आणि शकू कुठल्या बाजूला बसेल याचा मी विचार करत होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आत्याबाईंना आलेली पत्रं मी वाचून दाखवते. माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ उमरावजी, गावी शेती आणि तलाव बघतात; महिन्याकाठी त्यांचं लांबलचक पत्र येतं. ते मी निवडून वाचते, तांदळातले खडे काढावेत तसं. कोणाला ताप आला, कोणाचं भांडण झालं, ते बाजूला. पोर झालं, लग्न जमलं, पाऊस बरा झाला, ते मोठ्यानं. पौषात आत्याबाईंची लाली गाय मेली. ते मी वाचलंच नाही. डॉक्टरांच्या पत्रात एक ओळ होती, की शंभरातल्या आठ-दहा डोळ्यांना गुण येत नाही. ती ओळ मी घशातच ठेवली. "डॉक्टर म्हणतात, अगदी सोपं काम आहे," एवढंच वाचलं. म्हाताऱ्या माणसाला घाबरवून काय मिळवायचं?

कोसम नेमका कधी लाल होतो हे विचारायला मी भासऱ्यांना पत्र घातलं, अर्थात यांच्या नावानं. भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोनं सरळ बोलायचं नसतं, लिहायचं तर नसतंच. कशासाठी विचारते ते लिहिलं नाही. पानं बघायला मोटर करून येतात म्हणून गावभर हसू झालं असतं. उत्तर दोन ओळींचं आलं. कोसम होळीच्या आगेमागे चार दिवस लाल असतो. बाकी क्षेम.

होळीच्या दोन दिवस आधी, उजाडता उजाडता आम्ही निघालो.

पुढे शेठचा ड्रायव्हर घनश्याम आणि हे, मागे मी, आत्याबाई आणि माझ्या मांडीवर शकू. कडी न लागणाऱ्या दाराच्या बाजूला मी बसले होते आणि ते दार सुतळीनं बांधलं होतं. गोरेगावच्या वाटेला लागलो तशी मोटर फुसफुसायला लागली.

"हे मोटर काऊन खोकलून राहिली?" आत्याबाईंनी विचारलं.

"पुरानी है, अम्मा," घनश्याम म्हणाला.

"मी बी पुरानीच हाय. मी खोकलतो का?"

घनश्याम इतका हसला की मला वाटलं मोटर नाल्यात घालतो. नाल्याशी आम्ही थांबलोच. इंजिनात पाणी घातलं, वाफ जाईपर्यंत बसलो. मी शकूच्या कपाळाला हात लावला. गार होतं. आत्याबाईंनी न बघताच म्हटलं, "लावला हात? आता मोटरीले बी लावून पाय, तिले तं खराच ताप हाय."

पुढे जंगल सुरू झालं. आत्याबाईंनी चेहरा खिडकीकडे केला आणि मला विचारत राहिल्या. काय दिसते? मी सांगत राहिले. साग उघडे आहेत. मोहाखालचा पालापाचोळा जाळून बायकांनी जमीन साफ केली आहे, फुलं वेचायला. प्रत्येक मोहाखाली काळं गोल रिंगण दिसतंय. पळस फुललाय. एका ठिकाणी रानात कोसम दिसला, एकटाच, नवीन लुगड्यासारखा लाल. तो मी सांगितला तेव्हा मोटर पुढे निघून गेली होती.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तो कोणाचा कोण. आपले बारा हायेत ना."

सूर्य बराच वर आला होता जेव्हा मोटर गावाबाहेरून वळून पाळीवर चढली. तलाव अर्धा भरलेला, पाणी स्थिर. आणि पाळीवर ओळीनं बारा खुंट उभे होते.

खुंटच म्हणायला हवं. जाड खोडं जागच्या जागी होती, पण प्रत्येकाच्या फांद्या कोपरापासून तोडल्यासारख्या छाटलेल्या. एक पान नव्हतं. पाळीवर सावली नव्हती. घनश्यामनं मोटर थांबवली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग समोर पाहायला लागला.

तेव्हा मला ते आठवलं. माघातलं भासऱ्यांचं पत्र, चार पानी, शेवटच्या पानावर: पाळीवरचे कोसम औंदा चुन्नीलाल शेठला लाखेसाठी दिले. व्यापाराची बाब म्हणून मी ते सोडून दिलं होतं. झाडावरची लाख काढायची म्हणजे लाख धरलेली फांदीच तोडून न्यायची, हे या तालुक्यातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मी इंटर पास झालेली.

यांनी मान मागे करून माझ्या कानाशी हळूच म्हटलं, "पलीकडच्या काठाला पळस आहे. बघ, केवढा फुललाय. तिकडे तोंड करून उभी कर आईला. तिला काय कळणार आहे?"

मी पाहिलं. तलावापलीकडे पळसांची रांग होती आणि खरोखरच ती पेटलेली दिसत होती. आत्याबाईंना अशा अंतरावरचं माणूस की झाड हेही कळत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, की हो, लाल आहेत. एक शब्द. मग पाडवा, मग सोमवार, मग डोळा. वाटेतल्या त्या एकट्या कोसमाबद्दल त्यांना मी सांगितलंच होतं, तेच शब्द पुन्हा वापरले तरी चाललं असतं.

आत्याबाई उतरल्या. मी एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्या काखेत शकू. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि चेहरा वर केला, अगदी देवळात करतात तसा.

"लाल झालेत का?"

मी पलीकडच्या पळसांकडे पाहिलं.

"काऊन चूप झाली व? झालेत का नाही?"

"नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "लाल नाहीत. लाखेसाठी छाटलेत. बाराही."

हे कपाळावर हात मारून दुसरीकडे पाहायला लागले.

आत्याबाईंनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तरीच ऊन लागून राहिलं." आणि मला हाताला धरून पहिल्या झाडापर्यंत घेऊन गेल्या, मी नव्हते नेत त्यांना, त्याच मला नेत होत्या. खोडावरून फिरवत हात वर नेला, खालच्या फांदीच्या छाटलेल्या टोकावर तळवा ठेवला. "नीट छाटला. फाटला नाही. लाख काढनाऱ्या मुन्नालालच्या हातचा असन."

तेवढ्यात गावातून भासरे आले, धोतराचा सोगा सावरत. मोटर पाहून पोरं मागे धावत होती. सगळं ऐकून ते यांच्याकडे वळले. माझ्याकडे न पाहता माझ्याबद्दल बोलायची त्यांची रीत आहे.

"केवळ, कोसम पाहाले येऊन राहिलो म्हणून लिवलं असतं तं मी सांगतलं नसतं का? अना लाखेले देल्ले हे माघातच लिवलं होतं मी. पत्र वाचत नाही का तुमी गोंदियात?"

हे माझ्याकडे पाहत होते. आत्याबाईंनीही तोंड माझ्याकडे केलं.

"लिहिलं होतं," मी म्हणाले. "मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही."

"अना आणखी काय काय नाही वाचलं?" आत्याबाईंनी विचारलं.

भासरे समोर, गावातली पोरं समोर. पण आता थांबून उपयोग नव्हता. "लाली गाय पौषात मेली," मी म्हणाले.

"ते मले ठाऊक हाय."

"कसं?"

"तू तिचं नावच घेणं सोडलं ना. आधी दर पत्रात लाली दूध देऊन राहिली, लाली दूध देऊन राहिली. मंग पौषापासून चूप." त्या झाडाच्या बुंध्याशी एका दगडावर बसल्या. "तुझ्या वाचण्यात कोणाले सर्दी बी होत नाही, बाई. साऱ्या गावात एक मरत नाही, एक भांडत नाही. उमरावनं असं लिवनं शक्य हाय का? हा तं पेरणीच्या पत्रात बी शेजाऱ्याले शिव्या घालते."

भासरे खाकरले. घनश्याम मोटरचं काहीतरी पुसायला वाकला. त्याचे खांदे हलत होते.

"अना डागदरच्या पत्रात काय गाळलं?" आत्याबाईंनी अगदी हळू विचारलं.

शकू माझ्या काखेतून कधी खाली उतरली, मला कळलं नाही. ती पाळीवरच्या मातीत बसून आजीच्या पायावर माती टाकत होती.

"शंभरातल्या आठ-दहा डोळ्यांना गुण येत नाही," मी म्हणाले. "असं लिहिलंय. आणि करून झाल्यावर आठ दिवस उताणं निजायचं, मान हलवायची नाही. तेही मी वाचलं नव्हतं."

"आठ-दहा?"

"हो."

"शंभरात?"

"हो."

"मंग नव्वदांले येते ना गुण!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "बाप्पा! मी समजलो, दहातून एखादाच वाचत असन, म्हणून ही गोड गोड वाचून राहिली. 'अगदी सोपं काम आहे' म्हणे. सोपं काम असतं तं नागपूरले कायले जा लागतं? इथला नाई नसता का करत?"

चार महिने आम्ही त्यांना धीर देत होतो, आणि त्या चार महिने त्या धीरालाच घाबरत होत्या. मीही खाली, मातीतच बसले.

आत्याबाईंचा हात अजून खोडावर चाचपत होता. बुंध्यालाच बोटाएवढा एक धुमारा फुटला होता; जवळ गेल्याशिवाय दिसला नसता. त्यांच्या बोटांना तो सापडला. त्यांनी तो खुडला, नाकाशी धरला, मग डाव्या डोळ्यापाशी इतका जवळ नेला की पापणीला लागला.

"आता खरं सांगजो. लाल हाय का?"

"लाल आहे. शकूच्या ओठांसारखा."

त्यांनी तो उन्हाकडे धरला, फिरवला, पुन्हा डोळ्याशी नेला. "मले काराच दिसते," त्या म्हणाल्या. मग खुंटांच्या ओळीकडे, त्यांना न दिसणाऱ्या, मान फिरवली. "बाराही झाडं लाल असते, तरी मले बाराही कारेच दिसले असते. अना मी तुले म्हटलं असतं, हो व, लाल हायेत, चाल. तुले वाईट वाटू नये म्हणून."

भासऱ्यांनी घरी चला म्हणून आग्रह केला. जेवण झालं, शकूनं माझं उकळलेलं पाणी सांडून टाकलं आणि ती तलावाकाठच्या विहिरीचं पाणी प्यायली. मी तिच्या कपाळाला हात लावला; चारदा लावला असेल, नेहमीपेक्षा कमी. पुऱ्या तशाच राहिल्या, त्या पोरांना वाटल्या. आत्याबाईंनी गोठ्यात जाऊन लालीच्या कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला.

परतीच्या वाटेला ऊन कलतं होतं. शकू आत्याबाईंच्या मांडीवर झोपली होती. त्यांनीच मागून घेतली, आणि मी दिली. गोरेगाव मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "घरी गेलो का डागदरचं पत्र पुन्यांदा वाच. सगरं वाच."

"पत्र इथंच आहे," हे पुढून म्हणाले. "यादीत होतं ना. अनुसयाबाई हसल्या होत्या."

मी पिशवीतून पत्र काढलं. हिसके बसत होते, ओळी उड्या मारत होत्या. वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत सगळं वाचलं, इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगत. आठ-दहांच्या ओळीशी घनश्यामनं मोटर हळू केली, आणि ती ओळ मी दोनदा वाचली. उताणं निजण्याच्या ओळीशी आत्याबाईंनी विचारलं, "अना खाज आली तं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मंग ते विचारजो त्यायले." थोडा वेळ त्या शकूचे केस सारखे करत राहिल्या. "सोमवार म्हणते ना? होरी होऊ दे, पाडवा होऊ दे. जाऊ. पुढच्या फागुनात कोसमाले पुन्हा फांद्या फुटतीन. तवा लाल हाय का कारा, माझं मी पाहीन. पण पोट्टीले बी संगं आण."

"दवाखान्यात?" माझ्या तोंडून लगेच निघालं. "लहान मुलीला? आत्याबाई, तिथे कसले कसले आजारी लोक असतात, ताप असतो..."

"मंग पट्टी सोडल्यावर पहिलं काय पाहू मी? डागदरचं थोबाड?"

हे पुढे खोखो हसायला लागले. मी शकूकडे पाहिलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती, गालाला पाळीवरची माती, मुठीत तो कोसमाचा धुमारा. आजीनं कधी दिला कोण जाणे. तो आता कोमेजला होता, पण लाल होता.

घरी पोचल्यावर मी दिवा लावला आणि जुन्या यादीच्या पाठीमागे नवी यादी लिहायला घेतली. उकळलेलं पाणी नंतर आलं, क्विनाईन त्याच्याही नंतर. पहिल्या ओळीत मी शकूचं नाव लिहिलं.